रविवारी वारा सुट्टीवर

१

कपाट उघडलं आणि आत वही नव्हती.

एरवी त्या लोखंडी कपाटात असायचं तरी काय म्हणा! जुन्या वह्यांचे गठ्ठे, कोऱ्या वह्या, शाईच्या बाटल्या, एक तुटका दिवा. कुलूप शाबूत, कडी शाबूत. फक्त चालू वहीची जागा रिकामी होती, आणि परवाच्या बैठकीत दोन मुलुखांचा पुढच्या दहा वर्षांचा करार त्याच वहीवर व्हायचा होता.

झालं असं होतं. डोंगराकडचं वीजजाळं आणि बंदराकडचं वीजजाळं जिथे एकमेकांना भेटतं, तिथे माळावर एक एकटं घर होतं. सगळे त्याला जोडघर म्हणत. पवनचक्क्या डोंगरावर, पण त्या उभारतानाच ठरलं होतं, खर्च दोघांनी वाटून घ्यायचा. डोंगराच्या घड्याळाने दुपारी बारा ते संध्याकाळी सात हे वाऱ्याचे तास. त्या तासांत ज्याने जेवढी वीज ओढली, त्याने तेवढा वाटा उचलायचा. मोजायला दोघांचीही यंत्रं होती. पण डोंगराच्या यंत्रावर बंदराचा विश्वास नाही आणि बंदराच्या यंत्रावर डोंगराचा तर त्याहून नाही! म्हणून करारात लिहिलं, जोडघरातल्या माणसाने दर तासाला काटा वाचून हाताने लिहिलेली वही तेवढी खरी.

तो माणूस म्हणजे मास्तर. शाळेत एक दिवस शिकवलं नव्हतं, पण अक्षर असं की फळ्यावर लिहिल्यासारखं, म्हणून मास्तर. एकतीस वर्षं वही लिहिली, निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"वाटलंच होतं मला!" बंदराचे हिशेबनीस कपाटासमोर कडाडले. सोमवारी सकाळी न कळवता वही तपासायला आले होते ते. "चौदा महिने आम्हाला लुटलं, आणि आता पुरावाच गायब. कुंपणानेच शेत खाल्लं की!"

डोंगराचा तरुण इंजिनीयर मास्तरांकडे बघत राहिला. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे आणि एक मास्तरांकडे.

मास्तरांनी आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी संयुक्त मंडळाच्या तपासनीस बाई आल्या. कचेरीत त्यांना मागे सगळे टाचणीबाई म्हणत, कारण त्या कागदाला कागद अजून टाचणीने लावत. शिवाय बोलणंही टोचरं. वय पंचावन्न. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा शिकायला म्हणून दूरदेशी गेला तो तिकडचाच झाला. बाई घरी उभ्यानेच जेवत. एकटीसाठी ताट कोण मांडणार?

चार तास गाडी चालवून त्या आल्या. दारात इंजिनीयरने विचारलं, "किती वाजले हो? माझा फोन बंद पडलाय."

बाईंनी फोन बघून सांगितलं, "दहा वाजून दहा मिनिटं."

इंजिनीयरने डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिलं. "सकाळचे की रात्रीचे?"

बाई ओशाळल्या. फोनवर दोन वेळा होत्या, वर इथली, खाली मुलाच्या गावची. डोळा जायचा तो आधी खालीच. "दोन दहा," त्या म्हणाल्या. "चला, कामाचं बोलू."

त्यांनी आधी हिशेबनिसांना बोलावलं. गृहस्थ जाडजूड, खुर्चीत मावत नव्हते, पण आकड्यांत मात्र एकदम बारीक.

"तुम्हाला लुटलं असं तुम्ही म्हणता, ते कशावरून?"

"बाई, आमच्या सहाला रातपाळी सुरू होते. भट्ट्या, दिवे, सगळं एकदम. आमचं घड्याळ डोंगराच्या एक तास मागे, म्हणजे तेव्हा तिकडे सात वाजलेले. वाऱ्याचे तास संपले! आम्ही खरे ओढायला लागतो ते त्यानंतर. मग वाऱ्याच्या खर्चात आमचा वाटा इतका फुगतो कसा?"

"वारा उशिरापर्यंत राहत असेल."

"राहीना का! करार सातचा आहे. आणि गंमत ऐका. सोमवार ते शनिवार वाटा फुगलेला, रविवारी एकदम बरोबर. आमच्या कारखान्यांना रविवार-सोमवार सारखेच. मग रविवारी वारा सुट्टीवर जातो का हो?" स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले, मग एकदम गंभीर झाले. "रोजची बेरीज मास्तर फोनवर सांगतात. तासातासाचं फक्त वहीत. बारा दिवसांपूर्वी मी त्यांना पत्र टाकलं, हे सगळं लिहून. उत्तर नाही. म्हणून अचानक आलो, तर वहीच नाही. उद्या बैठकीत मी एकच मागणार, या माणसाला बडतर्फ करा. पेन्शन तर विसराच."

बाईंनी कागदावर टाचणी लावली. "रविवारी इथे कोण असतं?"

हिशेबनिसांनी दाराकडे बोट दाखवलं. दारात इंजिनीयर उभा होता.

३

"म्हणजे चोर मी?" इंजिनीयर तडकला. "रविवारी मास्तरांना सुट्टी, म्हणून मी वाचतो. आणि माझेच आकडे बरोबर येतात, हा माझा गुन्हा?"

"किल्ली?"

"कमरेला. आंघोळीलाही सोडत नाही."

"वही गेल्याने तुमचा फायदा आहे. तुमच्या लोकांना ज्यादा मिळालेलं परत द्यावं लागणार नाही."

"बाई, मी तर वही बंद करून यंत्र लावा म्हणून तीन अर्ज केलेत. वही सापडली आणि चुकीची निघाली, तर माझंच म्हणणं खरं ठरतं. मी कशाला लपवीन?"

मुद्दा बिनतोड होता. बाईंनी मान हलवली. "कपाटात आणखी काही कमी आहे?"

"कोऱ्या वह्या सहा होत्या. पाच आहेत. आणि शाई. गेल्या महिन्यात चार बाटल्या आणल्या, एकच उरलीय. पण शाई कोण चोरणार?"

"तुम्ही काटा कुठे बसून वाचता?"

"उभ्यानेच. मास्तरांच्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे. एकदा चांगला आपटलोय." त्याने जरा थांबून विचारलं, "तुमचा संशय आहे का माझ्यावर?"

"माझा संशय अजून कुणावर बसलेला नाही. तोही तुमच्यासारखा उभाच आहे."

चहा घेऊन मावशी आल्या. जोडघराची झाडलोट आणि मास्तरांचा स्वयंपाक, दोन्ही त्यांच्याकडे. वही म्हटल्यावर त्यांची पाचावर धारण बसली. बाईंनी मग वहीचं नावच काढलं नाही.

"मास्तर जेवतात का वेळेवर?"

"कसले वेळेवर!" मावशींना हवा तो विषय मिळाला. "सातचा काटा वाचला की लगेच ताटावर, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मी सातला वाढायची, साडेसातच्या बसने घरी. आता सातला वाढून ठेवते, मी जाईपर्यंत ताट तसंच झाकलेलं. म्हटलं मास्तर, गार होतंय. तर म्हणतात, अगं, अजून सहाच वाजलेत!"

बाईंचा चहाचा कप हवेतच राहिला. "असं कधीपासून?"

"लेक गेल्यापासून. एकुलती एक हो. आई गेली, त्यानंतर ती बंदरात नोकरीला गेली. भांडून गेली." मावशींनी बोटांवर मोजलं. "चौदा महिने झाले. तेव्हापासून या घरात फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही."

४

पाच वाजता बाई नोंदीच्या खोलीत एकट्याच गेल्या. बाहेर वारा भणाणत होता, तारा गुणगुणत होत्या. आत टेबल, काट्याची तबकडी, ती लंगडी खुर्ची आणि उजव्या हाताला ते उंच कपाट.

समोरच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. घड्याळंसुद्धा दोघांनी आपापली दिली होती. एका दुकानातून घेतली असती तर भांडण कोणी करायचं? डोंगराचं गोल, बंदराचं चौकोनी. दोन्हींवर पितळी पाट्या. डावीकडे चौकोनी होतं, त्यात चार वाजले होते. उजवीकडे गोल, त्यात पाच. दोन्ही अचूक. बाईंनी आधी फोनशी ताडून पाहिलं, या खेपेला वरच्या वेळेशी.

मग त्या भिंतीजवळ गेल्या. चौकोनी घड्याळाच्या वर आणि खाली भिंतीचा फिकट रंग डोकावत होता. गोल कडेचा. पलीकडे गोल घड्याळाच्या मागून चार फिकट कोपरे बाहेर आले होते.

"अस्सं!" बाई मोठ्याने म्हणाल्या, ऐकायला कोणी नव्हतं तरी.

शेवटी त्या खुर्चीत बसल्या. खुर्ची उजव्या अंगाला कलली, बाईही कलल्या. आता उजवीकडचं घड्याळ कपाटाआड गेलं. दिसत होतं ते एकच, डावीकडचं.

आता कोडं सुटल्यातच जमा होतं. घड्याळांची अदलाबदल झाली होती. बसून वाचणाऱ्याला बंदराची वेळ दिसत होती, उभं राहून पाटी बघणाऱ्याला दोन्ही. म्हणून रविवार बरोबर आणि बाकीचे सहा दिवस तासाने चुकलेले. डोंगराच्या आठ वाजताचा काटा सातचा म्हणून लिहिला जात होता, आणि बंदराच्या रातपाळीचा पहिला तास रोज वाऱ्याच्या खात्यात पडत होता.

पण पैसे खायचे तर माणूस आकडा बदलतो, घड्याळाची जागा बदलत नाही. एकतीस वर्षं नाकासमोर चाललेल्या माणसाने भिंतीवरची घड्याळं कशाला हलवली असतील?

बाईंनी फोन काढला. डोळा आपोआप खाली गेला. मुलाच्या गावी रात्रीचा एक वाजून गेला होता. झोपला असेल. पांघरूण घेतलं असेल की नाही, कोण जाणे. हा विचार बाई रोज करत, दिवसातून वीस वेळा, आणि फोन महिन्यातून एकदा.

कशाला हलवली, ते त्यांना कळलं होतं. चोर सापडला होता, आणि त्याला पकडायची बाईंना अजिबात इच्छा नव्हती.

५

मास्तरांची खोली जोडघराच्या मागेच होती. बाई आल्या तसे मास्तर उठले, खुर्ची पुढे केली आणि उजवा हात पाठीमागे नेला. बोटांवरची निळी शाई बाईंनी त्याआधीच पाहिली होती.

भिंतीतल्या फळीवर मुलीची शाळेची पुस्तकं होती. एवढ्या वर्षांनीही ओळीने लावलेली, प्रत्येकाला खाकी कागदाचं वेष्टण, उन्हाने पिवळं पडलेलं. मधल्या दोन जाड वह्यांची वेष्टणं तेवढी नवी करकरीत होती.

बाईंनी त्या दोन्ही काढून टेबलावर ठेवल्या. एक चालू वही, जशीच्या तशी. दुसरी नवी, तेच आकडे, तेच सुंदर अक्षर, पण प्रत्येक आकडा एक ओळ खाली सरकवलेला आणि रविवार मात्र जागच्या जागी.

"किती झाली?"

"पाच महिन्यांची. नऊ महिन्यांची राहिली." मास्तर पहिल्यांदा बोलले, आवाज घोगरा होता. "त्यांचं पत्र आलं, रविवारचं वाचलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कपाटाजवळ उभा राहून बघितलं. चौदा महिने, बाई! चौदा महिने मी चुकीचं लिहिलं."

"घड्याळ तुम्ही हलवलंत."

"ती गेली त्याच दिवशी." मास्तर खाटेवर बसले. "आई गेल्यावर म्हणाली, बाबा, आता तिकडे चला माझ्याबरोबर. मी म्हटलं, वही कोण लिहील? तर म्हणाली, मग राहा त्या वहीबरोबर. आणि गेली. मी फोन केला नाही, तिनेही केला नाही. हट्ट माझाच ना तिच्यात! पण खुर्चीतून तिकडचं घड्याळ दिसलं की बरं वाटायचं. आता आठ वाजले, कामाला निघाली असेल. आता सहा वाजले, सुटली असेल. सव्वासहाला घरी. पहिले आठ दिवस मी आठवणीने एक तास मिळवून लिहायचो. मग डोळा जुन्या सवयीने डावीकडे जायचा, हात लिहायचा, आणि मन... मन तिकडेच."

"परत जागेवर लावायचं होतंत, चूक कळल्यावर."

"लावणार होतो. खिळ्यापर्यंत हात गेला होता." मास्तरांनी मान खाली घातली. "नाही झालं."

"मला तेव्हाच कळवायचंत."

"लाज वाटली. म्हटलं, सगळी वही दुरुस्त करून समोर ठेवतो, मग काय शिक्षा द्यायची ती द्या. तर हिशेबनीस आधीच आले." त्यांनी दोन्ही वह्या बाईंकडे सरकवल्या. "लिहा आता काय लिहायचं ते. पण चोर लिहू नका हो. एवढं नका लिहू."

बाहेर हिशेबनिसांचा आवाज आला. "बाई! सापडला का चोर?"

६

बाईंनी सगळ्यांना नोंदीच्या खोलीत बोलावलं. मावशी दारात पदराचं टोक चावत उभ्या राहिल्या.

"हिशेबनीस, तुम्ही या खुर्चीत बसा."

"तुटेल."

"बसा तर खरं. किती वाजले?"

हिशेबनीस कलले, खुर्ची करकरली. "पावणेसहा."

"उठा, आणि इंजिनीयरच्या शेजारी उभे राहा. आता?"

हिशेबनिसांनी दोन्ही घड्याळं पाहिली. डोंगराचं पावणेसात दाखवत होतं. त्यांची नजर भिंतीवरच्या फिकट डागांवर गेली आणि मास्तरांवर येऊन थांबली. माणूस आकड्यांतला होता, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

"रविवारी उभा माणूस," ते पुटपुटले. "इतर दिवशी बसलेला."

बाईंनी उरलेलं सांगितलं. दोन्ही वह्या पुढे ठेवल्या. घड्याळ का हलवलं तेही सांगितलं, कारण त्याशिवाय हिशेब लागत नव्हता.

इंजिनीयरचा चेहरा उतरला. "मी दर रविवारी याच भिंतीसमोर उभा असायचो. पाटी वाचायचो, पण जागा बदललीय हे कधी दिसलंच नाही मला. मास्तर, तुम्ही कसे आहात, हे तरी विचारायला हवं होतं मी." मग कचेरीचा माणूस जागा झाला. "म्हणजे आम्ही बंदराला परत द्यायचे?"

"पै न पै. एक ओळ खाली सरकवली की दूध वेगळं, पाणी वेगळं. खोडाखोड कुठेच नाही."

हिशेबनीस नवी वही चाळत होते. "हे तुम्ही आमच्या बाजूने दुरुस्त करत होता? चोरून?" त्यांनी आणखी एक पान उलटलं. "आणि जुनी वही फाडून टाकली असती, तर कुणाला पत्ता लागला असता?"

"फाडीन कशी? माझंच अक्षर आहे."

हिशेबनिसांनी वही मिटली आणि दोनदा घसा खाकरला. "बाई, आम्हाला आमचा हिशेब हवा होता. हा माणूस नको होता. माझी बडतर्फीची मागणी मागे घेतली म्हणून लिहा."

"मी खरं आहे तेच लिहिणार," बाई म्हणाल्या. "चूक झाली, वही लपवली. त्याबद्दल लेखी ठपका. पेन्शनला धक्का नाही. उरलेले नऊ महिने तुम्ही दोघं समोर बसून मास्तरांकडून लिहून घ्यायचे. मान्य?"

दोघांनी माना डोलावल्या. दारात मावशी रडायला लागल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "आता तरी गरम जेवा!"

"एक काम राहिलं," बाई मास्तरांना म्हणाल्या. "घड्याळं."

इंजिनीयरने दोन्ही घड्याळं उतरवली. गोल डावीकडे गेलं, चौकोनी उजवीकडे, फिकट डाग झाकले गेले. मास्तर खुर्चीत बसले. सातचा काटा वाचला आणि एकतीस वर्षांच्या अक्षरात आकडा लिहिला. मग नजर उजवीकडे नेली. तिथे कपाट होतं. त्यांचा चेहरा असा झाला की बाईंना बघवेना.

"तिकडची वेळ कशी कळणार आता?" मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी टेबलावरचा फोन उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "तिलाच विचारा."

मास्तरांनी तासभर वाटावा इतका वेळ फोनकडे पाहिलं. प्रत्यक्षात पंधराच मिनिटं झाली असतील, तिकडे सव्वासहा होईपर्यंतची. मग निळ्या बोटाने नंबर फिरवला. पाठ होता. बाकीचे बाहेर निघाले, पण बाईंना दारातून ऐकू आलंच.

"मी बोलतोय... नाही, बरा आहे. काही झालं नाही गं. एवढंच विचारायचं होतं, तुझ्याकडे किती वाजले?"

पुढे मास्तर काही बोललेच नाहीत. पलीकडचंच बोलणं चाललं असावं, आणि ते ऐकत होते.

बाई गाडीत येऊन बसल्या. वारा पडला होता, डोंगरावरचे पंखे थांबले होते, आणि पार खाली बंदराकडे एकेक दिवा लागत होता. त्यांनी फोन पाहिला. वर सात वाजून पंचवीस मिनिटं. खाली पहाटेचे सव्वातीन होऊन गेले होते. आत्ता फोन करून चालणार नव्हतं, पोरगा घाबरून उठला असता.

सातला उठतो तो. म्हणजे साडेतीन तास राहिले. घरी पोचायला त्यांना चार तास लागायचे. पोचल्यावर आधी ताट मांडायचं, मग फोन लावायचा, असं ठरवून त्यांनी गाडी सुरू केली.